जुन्या डिझेल जीपमध्ये इंधनाची नळी आणि रिटर्न नळी कशी टाकावी

महिंद्राची सीजे-३बी किंवा तिच्याच घराण्यातली एखादी जुनी जीप नव्याने उभी करताना इंधनाच्या नळ्यांचे काम नेमके केव्हा हाती घ्यायचे, हे आधी ठरवावे लागते. चॅसीचा रंग पूर्ण वाळलेला आहे, इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटून देणारी पेटी) आपापल्या जागी बसले आहेत, सायलेन्सरचा पाईप निदान तात्पुरता टांगलेला आहे, पण बॉडी अजून वर चढलेली नाही, हा त्यासाठी सर्वांत सोयीचा टप्पा होय. बॉडी चढल्यावर हे काम होत नाही असे नाही. मात्र तेव्हा गाडीखाली उताणे झोपून, हाताला सापडेल त्या भोकातून नळी ओवली जाते, आणि पुढची कित्येक वर्षे ती नळी ज्या वाटेने जाणार ती वाट केवळ हात कुठवर पोचला यावर ठरते.

येथे मी डिझेल जीप समोर ठेवली आहे. अमेरिकेतल्या विलीस कंपनीने १९५३ मध्ये आणलेली सीजे-३बी मूळची पेट्रोलवर चालणारी गाडी होती. महिंद्राने भारतात ती पुढे दीर्घकाळ बनवली आणि त्या घराण्याला डिझेल इंजिनेही दिली. त्यांपैकी प्यूजोच्या आराखड्याचे, २,११२ घन सें.मी. क्षमतेचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन आज हौशी मंडळींच्या हाती बऱ्याचदा येते. शिवाय अनेक पेट्रोल जीपगाड्यांना गॅरेजमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवलेले असते. असा बदल नोंदणी पुस्तकात चढलेला आहे की नाही, हे एकही पाना हाती घेण्यापूर्वी पाहून घ्यावे. या बदललेल्या गाड्यांमध्येच रिटर्न नळीची सर्वाधिक आबाळ झालेली असते, कारण पेट्रोलच्या मूळ टाकीला रिटर्नसाठी तोंडच नसते.

रिटर्न नळी काय करते

डिझेल टाकीतून निघते, गाळ आणि पाणी वेगळे करणारा वाटीचा फिल्टर असल्यास त्यातून जाते, फीड पंपात येते, तेथून मुख्य फिल्टरमधून गाळून इंजेक्शन पंपाकडे जाते. फीड पंप इंजिनाला लागते त्याहून बरेच जास्त डिझेल पुढे ढकलतो, आणि हे मुद्दाम केलेले असते. जादा डिझेल इंजेक्शन पंपातून फिरते, त्याची उष्णता आणि आत शिरलेले हवेचे बुडबुडे सोबत घेते, आणि रोटरी प्रकारच्या पंपात तर आतल्या सर्व भागांचे वंगणही तेच असते. याखेरीज सिलिंडरसाठी डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक नॉझलच्या सुईभोवतून थोडे डिझेल पाझरून वर येते. या दोन्ही वाटांचे डिझेल एकत्र करून टाकीत परत नेणारी ती रिटर्न नळी.

ही नळी कुठे दबली, पिळली किंवा बारीक झाली, तर पंपाच्या पोटातला दाब वाढतो. व्हीई जातीच्या रोटरी पंपात इंजेक्शनची वेळ पुढेमागे करणारा पिस्टन याच दाबावर चालतो, त्यामुळे रिटर्न अडला की इंजिनाचा आवाज आणि आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाची मंद चाल, दोन्ही बिघडतात, आणि मेकॅनिक पंपाची टायमिंग तपासत बसतो. याच पंपाच्या रिटर्नच्या बँजो बोल्टमध्ये, म्हणजे नळीचे गोल कडे धरून ठेवणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये, एक अगदी बारीक छिद्र असते, आणि त्याच्या डोक्यावर ‘आऊट’ अशी अक्षरे कोरलेली असतात. आत येणाऱ्या नळीचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे छिद्र मोठे असते. पंप ओव्हरहॉलसाठी देताना हे दोन बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून वर चिठ्ठी लावावी. त्यांची अदलाबदल झाली, तर पंपाला डिझेल अपुरे मिळते आणि त्याच्या पोटात दाबही धरत नाही.

काही गाड्यांत रिटर्न नळी टाकीपर्यंत नेण्याचा त्रास टाळण्यासाठी ती एका टी-जोडाने फीड पंपाच्या आधीच्या नळीतच सोडलेली दिसते. गाडी चालते, म्हणून हा जोड वर्षानुवर्षे तसाच राहतो. पण गरम आणि बुडबुड्यांनी भरलेले तेच डिझेल पुन्हापुन्हा फिरत राहते, हवेला बाहेर पडायला जागाच उरत नाही, आणि उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनाची ताकद कमी होते. आपल्या गाडीत असा जोड सापडला तर तो काढून टाकावा आणि रिटर्न टाकीपर्यंतच न्यावा. याला मी कोणताही पर्याय सुचवणार नाही.

वाट आखणे

नळी विकत आणण्यापूर्वी तिची वाट आखावी. त्यासाठी कपड्यांच्या दोरीची किंवा वेल्डिंगच्या बारीक सळईची जाड तार घ्यावी, टाकीच्या तोंडापासून फीड पंपापर्यंत ती चॅसीच्या अंगाने वाकवत न्यावी, आणि जागोजागी चिकटपट्टीने धरून ठेवावी. हीच तार नंतर नळी वाकवताना नमुना म्हणून वापरता येते. रिटर्नसाठी दुसरी तार घ्यावी. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी चालल्या तरी चालतील, किंबहुना एकाच क्लिपांवर बसत असल्याने ते सोयीचेच पडते. मात्र दोहोंच्या मध्ये बोटभर अंतर ठेवावे, म्हणजे एक नळी सोडताना दुसरी हलवावी लागत नाही आणि दोघी एकमेकींवर घासत नाहीत.

जीपची चॅसी इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या पन्हळीची असते. नळीची जागा या पन्हळीच्या आतल्या बाजूला, उभ्या पत्र्याच्या वरच्या निम्म्या भागात असावी. खालच्या ओठावर चिखल साचतो. कोकणातली तांबडी माती तेथे पावसाळाभर ओली राहते आणि नळी बाहेरून गंजते. चॅसीच्या खालच्या कडेपेक्षा नळी कुठेही खाली उतरू नये, कारण ओढ्यातले दगड आणि गाडीवाटेच्या मधला उंचवटा त्या कडेलाच घासून जातात. काही ठिकाणी आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉस मेंबर, वाटेत येतात. तेथे नळी खालून घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी वरून न्यावी, किंवा पट्टीत आधीच असलेल्या भोकातून रबरी ग्रोमेट बसवून पार करावी.

यानंतर गाडीत काय काय हलते, हे एकेक करून पाहावे. या कामाचा खरा गाभा येथे आहे, म्हणून त्याला घाई करू नये. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. सुरू होताना आणि बंद होताना ते आडवे डोलते, आणि डिझेल इंजिन तर चांगलेच डोलते. बॉडी चॅसीवर रबरी गाद्यांवर ठेवलेली असते. चॅसी स्वतः खडबडीत वाटेवर पिळते. पाटे दबले की अॅक्सल वर येतो, आणि त्याच्यासोबत ब्रेकची नळी व शॉकअॅब्सॉर्बरही जागा बदलतात. आता असे पाहा की सीजे-३बीमध्ये टाकी पुढच्या आसनाखाली, बॉडीच्या खोबणीत बसलेली असते. म्हणजे टाकी बॉडीसोबत हलते, लोखंडी नळी चॅसीसोबत हलते आणि फीड पंप इंजिनासोबत हलतो. साहजिकच लोखंडी नळीच्या दोन्ही टोकांना रबरी नळीचा तुकडा हवा, आणि तो तुकडा ताणलेला नसावा. इंजिनाकडच्या बाजूला २५ ते ३० सें.मी. लांबीची, हलकी कमान घेणारी रबरी नळी मला योग्य वाटते. टाकीच्या बाजूला त्याहून कमी चालते. रबरी तुकडे एवढेच ठेवावेत. संपूर्ण वाट रबराने काढणे सोपे असते, पण रबर उन्हाने, उष्णतेने आणि घर्षणाने लोखंडाच्या कितीतरी आधी थकते.

उष्णतेचे अंतर त्यानंतर पाहावे. सायलेन्सरच्या पाईपपासून नळी किमान एक वीत दूर असावी. जागा नसेल तर मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी बसवावी, आणि ती पट्टी पाईपला चिकटून न ठेवता दोहोंच्या मध्ये हवा खेळेल अशी धरावी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या थेट वर इंधनाचा कोणताही जोड येऊ देऊ नये. जोड पाझरला की थेंब तापलेल्या बिडावरच पडतो. हाच विचार विजेच्या तारांबाबत करावा. बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल आणि इंधनाची नळी एकाच क्लिपेत किंवा एकाच भोकात कधीही घालू नयेत, कारण घासून केबलचे आवरण गेले तर नळीवर ठिणगी पडते आणि तिला भोकही पडते.

प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे अॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याची, बाजू शक्यतो टाळावी. विलीसच्या या घराण्यात ट्रान्सफर केसमधून पुढे आणि मागे जाणारे दोन्ही शाफ्ट मध्यापासून उजवीकडे असतात. टाकी कोणत्या बाजूला आहे, सायलेन्सर कोणत्या बाजूने गेला आहे आणि फीड पंप इंजिनाच्या कोणत्या अंगाला आहे, हे आपापल्या गाडीत पाहून वाट निवडावी. इंजिन बदललेल्या गाड्यांत ही मांडणी प्रत्येकीची निराळी असते. नळी उजव्या बाजूनेच न्यावी लागली तर ती चॅसीच्या पन्हळीत पूर्ण लपलेली असावी, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट तुटून शाफ्ट आपटू लागला तरी मध्ये चॅसीचा ओठ राहतो.

शेवटी चढउतार पाहावा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत मध्येच वर चढून पुन्हा खाली येणारी कमान नसावी, कारण अशा कमानीच्या माथ्यावर हवा साठते आणि ती तेथून सहजी निघत नाही.

नळी, रबर आणि जोड

या इंजिनांना साधारणपणे पुढे जाणारी नळी ८ मि.मी. आणि रिटर्नची ६ मि.मी. बाहेरच्या व्यासाची असते. तरीही आपल्या पंपाचे आणि बँजोचे तोंड कॅलिपरने मोजूनच खरेदी करावी. जुन्या विलीसच्या भागांत इंचाची मापे असतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मि.मी., आणि १/४ इंच म्हणजे ६.३५ मि.मी. पहिला फरक रबरी नळीखाली खपून जातो, पण नटाने दाबून बसवायच्या जोडात इंच आणि मिलिमीटर कधीही मिसळू नयेत. रिटर्नची नळी मूळ मापापेक्षा बारीक घेऊ नये. शंका असल्यास एक माप मोठी घ्यावी.

नळी पोलादाची, आत-बाहेर संरक्षक मुलामा असलेली, किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घ्यावी. दुसरी महाग असली तरी गंजत नाही आणि हाताने सुबक वाकते, म्हणून समुद्रकाठी राहणाऱ्यांनी तिचाच विचार करावा. वातानुकूलन यंत्रांच्या दुकानात मिळणारी शुद्ध तांब्याची नळी स्वस्त आणि वाकवायला सोपी असते, पण सततच्या कंपनाने तांबे कडक होऊन जोडापाशी तडकते. शिवाय तांब्याच्या सान्निध्यात डिझेल लवकर बिघडते. आतून जस्ताचा मुलामा असलेला, म्हणजे पाण्याचा जीआय पाईप डिझेलला अजिबात वापरू नये. जस्त आणि डिझेलमधली आम्ले यांच्यापासून साबणासारखा चिकट साका बनतो आणि तो फिल्टर चोंदवतो.

रबरी नळीवर छापलेला मजकूर वाचल्याशिवाय ती घेऊ नये. इंधनाच्या नळ्यांसाठी एसएई जे३० हे मानक आहे. त्यातली आर६ आणि आर७ ही कमी दाबाची, आर९ ही जास्त दाब आणि उष्णता सहन करणारी, आतून फ्लुओरोरबराचे अस्तर असलेली. आपल्या कामात दाब फार नसतो, तरी इंजिनाजवळचे तुकडे आर९ प्रतीचे घ्यावेत, असे माझे मत आहे. लांबी इतकी कमी असते की खर्चाचा फरक किरकोळ पडतो. पाण्याची, हवेची किंवा गॅसची नळी इंधनाला लावू नये. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळते तशी नळी मीटरवर घेताना छपाई असलेला भागच कापून मागावा. नॉझलवरून पाझरणारे डिझेल गोळा करणारी बारीक नळी वेगळी असते. ती सुती विणीची, सुमारे साडेतीन मि.मी. आतल्या व्यासाची असते, नुसती दाबून बसते, आणि ती दरवेळी नवीच घालावी.

लोखंडी नळीच्या ज्या टोकावर रबर चढते, त्या टोकाला फुगवटा, म्हणजे बीड, काढून घ्यावा. गुळगुळीत टोकावर क्लिप कितीही आवळली तरी रबर हळूहळू सरकते. रबर फुगवट्याच्या पुढे निदान २५ मि.मी. चढवावे आणि क्लिप फुगवट्याच्या मागे बसवावी. पट्टीला आरपार खाचा असलेली नेहमीची होज क्लिप लहान व्यासाच्या नळीत रुतून रबर कापते. सलग पट्टीची, लहान नट-बोल्टने आवळणारी क्लिप अधिक चांगली.

बँजोच्या प्रत्येक जोडाला दोन वायसर लागतात, एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक बँजोच्या पलीकडे. तांब्याचे वायसर एकदा दबले की कडक होतात. नवे मिळत नसतील तर जुने लालबुंद तापवून पाण्यात टाकावेत, त्याने ते पुन्हा मऊ होतात, आणि मग बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासून घ्यावेत. अॅल्युमिनियमचे वायसर दुसऱ्यांदा वापरू नयेत. जोडांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय नळकामातून आली आहे. फ्लेअर (नळीचे टोक फुलवून केलेला जोड) आणि बँजो यांना तिची गरज नसते, आणि तिचे धागे सुटून थेट इंजेक्शन पंपात जाऊ शकतात.

कापणे, वाकवणे, बसवणे

नळी चाकाच्या पाईप कटरने कापावी, हॅकसॉने कापू नये. करवतीचा कीस आत राहतो, आणि इंजेक्शन पंपातल्या भागांमधली फट इतकी सूक्ष्म असते की एक कणही तेथे ओरखडा पाडतो. कटर कड आत दुमडतो, म्हणून आतली कड रीमरने मोकळी करावी. वाकवण्यासाठी हाताचा बेंडर वापरावा आणि ८ मि.मी. नळीचे वळण २५ मि.मी. त्रिज्येपेक्षा लहान करू नये. तारेच्या नमुन्याप्रमाणे एका टोकापासून सुरुवात करून क्रमाने पुढे जावे. दोन्ही टोके आधी वाकवून मधले वळण शेवटी काढले, तर लांबी हमखास चुकते. फ्लेअर करायचा असेल तर नट आधी नळीत ओवावा, मगच टोक फुलवावे. मोटारीतले जोड सहसा ४५ अंशांचे असतात आणि नळीचे टोक दुहेरी दुमडलेले लागते. ३७ अंशांचे हायड्रॉलिक जोडही त्याच दुकानात त्यांच्याशेजारी ठेवलेले असतात, पण ते एकमेकांत बसत नाहीत.

तयार नळी आतून स्वच्छ डिझेलने धुवावी, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावी, आणि दोन्ही टोके लगेच बुचाने बंद करावीत. बसवताना रबरी अस्तराच्या पी-क्लिपा दर ३० ते ४० सें.मी. अंतरावर लावाव्यात, वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक असावी. जेथे लोखंडी नळी संपून रबर सुरू होते, त्याच्या लगेच आधी एक क्लिप हवीच, नाहीतर रबराचे सारे हिसके नळीच्या टोकावर येतात. क्लिपांसाठी चॅसीत आधीच असलेली भोके शोधावीत. नवे भोक पाडावे लागले तर ते उभ्या पत्र्यात, मधल्या भागात पाडावे. वरच्या किंवा खालच्या ओठात पाडू नये, कारण गाडीचा भार आणि पीळ तेथेच सर्वांत जास्त असतो आणि चॅसीची तड बहुधा अशा भोकापासून सुरू होते. भोकाच्या उघड्या कडेला लगेच प्रायमर लावावा.

टाकीला रिटर्नचे तोंड देणे

टाकीला रिटर्नचे तोंड नसेल तर ते तयार करावे लागेल, आणि येथे सुरक्षेचा सर्वांत गंभीर प्रश्न येतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण आत राहिलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक होते. पूर्वी पेट्रोल असलेल्या टाकीच्या पत्र्याच्या जोडांत वर्षानुवर्षे पेट्रोल मुरलेले असते. त्यामुळे टाकीवर घरी किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात झाळकाम करू नये. टाक्या आणि रेडिएटरचेच काम करणाऱ्या, टाकी वाफेने धुऊन मगच हात लावणाऱ्या कारागिराकडे ती द्यावी.

झाळकाम पूर्णपणे टाळण्याचा मार्गही आहे. इंधनाचा काटा दाखवणाऱ्या सेंडिंग युनिटची गोल चकती स्क्रू काढून टाकीतून बाहेर घेता येते. ती टाकीपासून दूर नेऊन तिच्यात भोक पाडावे आणि दोन्ही बाजूंनी नट असलेला आरपार जोड इंधनाला टिकणाऱ्या वायसरांसह बसवावा. युनिटच्या तरंगत्या दांडीच्या वाटेत जोड येत नाही, हे चकती हातात धरून, दांडी वरखाली फिरवून पाहावे.

रिटर्न टाकीत कुठे सोडावा, याबद्दल मतभेद आहेत. तो वरच्या भागातच संपला तर डिझेल उंचावरून पडून फेस होतो, आणि इंजिन बंद असताना हवा रिटर्नमधून मागे पंपाकडे चढू शकते. तो तळाजवळ नेला तर ही अडचण राहत नाही, पण नळी खाली कुठे तुटली तर टाकीतले डिझेल सायफनने बाहेर वाहू शकते. डिझेल गाडीसाठी मी दुसरा मार्ग घेतो, कारण सकाळी एका झटक्यात सुरू होणारे इंजिन रोज हवे असते आणि चॅसीत नीट लपवलेली नळी सहसा तुटत नाही. फक्त रिटर्नचे तोंड आणि डिझेल ओढणाऱ्या नळीचे तोंड शेजारी शेजारी ठेवू नये. टाकीत जेवढे अंतर मिळेल तेवढे ठेवावे, म्हणजे परत आलेले बुडबुडे लगेच पुन्हा ओढले जात नाहीत.

टाकी उघडी असतानाच हवेचे छिद्रही पाहावे. डिझेल खाली जाते तशी तेवढीच हवा आत यावी लागते. ते छिद्र झाकणात असेल तर ते धुळीने बुजलेले नाही ना, आणि वेगळी नळी असेल तर ती पाण्याच्या पातळीच्या वर, बॉडीच्या उंच भागात नेलेली आहे ना, याची खात्री करावी. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाडीला हे फार आवश्यक आहे.

एअर काढणे आणि तपासणी

सर्व जोड आवळल्यावर टाकीत निदान निम्मे डिझेल भरावे. मुख्य फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल करून फीड पंपावरचा हातपंप मारत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येऊ लागते, तेव्हा हातपंप मारत असतानाच स्क्रू बंद करावा. त्यानंतर हीच कृती इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूची करावी. एवढ्याने इंजिन सुरू झाले नाही, तर नॉझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून, फडके धरून, स्टार्टर मारावा. यावेळी हात आणि चेहरा दूर ठेवावा: नॉझलला १०० बारहून अधिक दाब लागतो आणि त्या दाबाचा बारीक फवारा कातडीतून आत शिरतो. अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

टाकी ते फीड पंप या भागात इंजिन चालू असताना ओढ असते, दाब नसतो. त्यामुळे येथला सैल जोड गळत नाही, तर हवा ओढतो. खाली एक थेंबही दिसत नाही आणि तरी गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते किंवा चढावर अचानक बंद पडते. हे पकडण्यासाठी फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा एक तुकडा तात्पुरता जोडावा आणि इंजिन काही मिनिटे चालवून त्यात बुडबुडे दिसतात का ते पाहावे. बुडबुडे दिसल्यास टाकीच्या टोकापासून सुरुवात करून एकेक जोड तपासावा. पारदर्शक तुकडा नंतर काढून टाकावा, कारण तो उष्णतेने कडक होतो आणि तडकतो.

रिटर्नची तपासणी त्याचे टाकीकडचे टोक सोडून स्वच्छ बाटलीत धरून करता येते. आयडलवर डिझेलची धार संथ पण अखंड यायला हवी. त्याच वेळी नॉझलवरच्या पाझर नळ्या वेगळ्या करून चारही नॉझलचे पाझरणे शेजारी शेजारी पाहिले, तर एखादे बाकीच्यांपेक्षा खूप जास्त पाझरणारे नॉझल लगेच ओळखू येते. ते दुरुस्तीला द्यावे.

बॉडी चढल्यावर गाडीचे एक पुढचे चाक आणि तिरके समोरचे मागचे चाक उंचवट्यावर चढवून चॅसी पिळलेल्या स्थितीत आणावी आणि खाली वाकून प्रत्येक रबरी तुकडा पाहावा. कुठे ताण आला असेल, पाटा किंवा शॉकअॅब्सॉर्बर नळीजवळ आला असेल, तर ते या अवस्थेतच दिसते. गाडी बंद असताना कोरडा कागद प्रत्येक जोडाखाली फिरवावा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर इंजिन गरम असताना क्लिपा पुन्हा पाहाव्यात, कारण नवे रबर एकदा तापले की थोडे बसते आणि क्लिप किंचित सैल होते.

पेट्रोलवरच ठेवलेल्या जीपसाठी

मूळ हरिकेन इंजिन जपणाऱ्यांना रिटर्न नळी अनिवार्य नाही, कारण कार्ब्युरेटर लागेल तेवढेच पेट्रोल घेतो आणि सुई बाकीचे अडवते. पण उन्हाळ्यात पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामधले पेट्रोल तापून वाफ होते आणि गाडी गुदमरते. अशा वेळी कार्ब्युरेटरच्या आधी तीन तोंडांचा फिल्टर बसवून तिसऱ्या तोंडातून सुमारे दीड मि.मी. छिद्रातून थोडे पेट्रोल सतत टाकीत परत नेता येते, आणि वाफही त्याच वाटेने निघून जाते. हे तिसरे तोंड फिल्टर बसवताना वरच्या बाजूस असले पाहिजे, अन्यथा वाफ फिल्टरमध्येच अडकते. पेट्रोलचा रिटर्न टाकीच्या वरच्या भागात सोडावा, आणि पुढे जाणाऱ्या नळीवर हात सहज पोचेल अशा जागी बंद करायचा कॉक बसवावा.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या साठ्यातल्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे आणि सुईची टोके त्याने फुगतात किंवा चिकट होतात, म्हणून मूळ भाग कितीही चांगले दिसत असले तरी इंधनाला स्पर्श करणारे सर्व रबर नवे आणि इथेनॉलला टिकणारे घालावे. डिझेल असो वा पेट्रोल, रबरी तुकड्यांवर बसवल्याचे वर्ष पांढऱ्या रंगाने लिहून ठेवावे, आणि दर पावसाळ्याआधी ते दोन बोटांत वाकवून पाहावेत. वाकवलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदलावेत.